कमी बजेटमध्ये गेमिंग कॉम्प्युटर : सुटे भाग कसे निवडायचे?



दहावीचा निकाल लागला की घराघरांत एक मागणी हमखास येते. पूर्वी सायकल असायची, मग मोबाईल आला, आता "मला गेमिंग पीसी पाहिजे" असं मुलं म्हणतात. पालक मग शाळेत किंवा बाजारात भेटले की विचारतात, "मॅडम, पन्नास हजारांत होईल का हो? दुकानदार म्हणतोय आय सेव्हन देतो, घेऊ का?"

मुलांनी गेम खेळावेत की नाही, किती वेळ खेळावेत, हा वेगळा आणि मोठा विषय आहे. त्यावर प्रत्येक घराचा आपला निर्णय असतो. आजचा लेख त्या निर्णयानंतरचा आहे. घ्यायचं ठरलंच असेल, तर पैसे वाया जाऊ नयेत. महाड-पोलादपूरकडे बहुतेक घरांत एवढी रक्कम एकदाच जमते. एमआयडीसीतला बोनस, मुंबईच्या काकांनी दिलेले पैसे, आईच्या भिशीचा नंबर असं सगळं मिळून ती तयार होते. चुकीची वस्तू आली तर ती बदलायला दुसरे पन्नास हजार नसतात.

म्हणून हा लेख. कॉम्प्युटरमधलं काही येत नसेल तरी चालेल, शेवटपर्यंत वाचा. यात पाचवी-सहावीच्या गणितापेक्षा अवघड काही नाही.

१) "आय सेव्हन" म्हणजे नक्की काय? पूर्ण नाव वाचायला शिका

सगळ्यात जास्त फसगत इथे होते, म्हणून पहिला मुद्दा हाच.

जाहिरातीत लिहिलेलं असतं : "आय७ गेमिंग पीसी, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड." वाचून वाटतं, वा! सगळंच भारी! पण यात एकाही भागाचं पूर्ण नाव नाही. हे म्हणजे "गाडी आहे, चार चाकांची, पांढरी" असं सांगून विकण्यासारखं झालं. कोणत्या सालची, ते सांगितलंच नाही.

इंटेल कंपनी आय३, आय५, आय७ ही नावं पंधरा वर्षांपेक्षा जास्त काळ वापरत आली आहे. त्यामुळे २०१२ सालचा प्रोसेसरही आय७ आणि त्यानंतर दहा वर्षांनी आलेलाही आय७. खरी माहिती पुढच्या आकड्यात असते. दोन उदाहरणं बघा :

- कोअर आय७-३७७० : शेवटचे तीन अंक सोडले की उरतो ३. म्हणजे तिसरी पिढी, २०१२ साल.
- कोअर आय३-१२१००एफ : शेवटचे तीन अंक सोडले की उरतात १२. म्हणजे बारावी पिढी, २०२२ साल.

दोघांतही चार कोअर, आठ थ्रेड. नावाने आय७ मोठा वाटतो, पण प्रत्यक्षात बाराव्या पिढीचा आय३ त्याच्यापेक्षा कितीतरी वेगवान आहे. शिवाय जुन्या आय७ ला विंडोज ११ चा अधिकृत आधार नाही. तो इंटेलमध्ये साधारण आठव्या पिढीपासून पुढे आणि एएमडीमध्ये रायझन २००० मालिकेपासून पुढे मिळतो. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. आणि मुलांचा आवडता व्हॅलोरंट हा गेम विंडोज ११ वर चालवायचा, तर मशीनमध्ये टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी लागतात. म्हणजे जुना "आय सेव्हन" घेतला, तर ज्या गेमसाठी घेतला तोच अडू शकतो.

ग्राफिक्स कार्डाचंही तसंच. "४ जीबी कार्ड" हे नाव नव्हे. जीबी हा कार्डाच्या मेमरीचा आकडा आहे, ताकदीचा नाही. स्वस्त जाहिरातींत बऱ्याचदा जीटी ७३० हे कार्ड असतं. ते २०१४ मध्ये आलं. आजच्या रायझन ५ ५६००जी या प्रोसेसरच्या आतच जे ग्राफिक्स असतं, ते त्या वेगळ्या कार्डापेक्षा जास्त चालतं!

म्हणून पहिला नियम लक्षात ठेवा : पूर्ण नाव आणि नंबर कागदावर आल्याशिवाय किंमत बोलायची नाही.

२) कोणता भाग काय काम करतो?

थोडक्यात बघूया.

- प्रोसेसर : हिशोब करणारा. गेममधले नियम, शत्रूच्या हालचाली, गोळी लागली की नाही, हे तो ठरवतो.
- ग्राफिक्स कार्ड : चित्र काढणारा. स्क्रीनवर जे दिसतं ते याचं काम. गेमिंगमध्ये सगळ्यात जास्त भार याच्यावर.
- रॅम : कामाचं टेबल. जेवढं टेबल मोठं, तेवढ्या गोष्टी एका वेळी पसरून ठेवता येतात.
- एसएसडी : कपाट. गेम, फोटो, अभ्यास सगळं इथे साठतं.
- मदरबोर्ड : या सगळ्यांना जोडणारी पाटी.
- एसएमपीएस : घरातली वीज घेऊन प्रत्येक भागाला योग्य दाबाने वाटणारा डबा.
- कॅबिनेट : बाहेरची पेटी. हवा खेळती ठेवणं हे तिचं मुख्य काम.

शाळेची सहल एसटीने निघाली की सगळ्यात शेवटचा मुलगा चढल्याशिवाय गाडी सुटत नाही ना? कॉम्प्युटरचंही तसंच. एक भाग भारी आणि दुसरा हलका असेल, तर भारी भाग थांबून राहतो. त्यासाठी दिलेले जास्तीचे पैसे नुसते बसून असतात.

३) सुरुवात दुकानातून नको, गेमच्या यादीतून करा

मुलाला सांगा, तू खेळणार असलेल्या पाच गेमची नावं लिही. मग त्या यादीचे तीन गट पडतात.

*पहिला गट :* फ्री फायर, बीजीएमआय. हे मुळात मोबाईलचे गेम आहेत. यादीत एवढेच असतील, तर पीसीवर पन्नास हजार घालायची गरज आहे का, यावर घरात आधी बोला.

*दुसरा गट :* व्हॅलोरंट, माइनक्राफ्ट आणि जीटीए फाइव्हसारखे जुने गेम (पीसीवर २०१५ पासून आहे). हे खेळायला वेगळं कार्ड नसलं तरी निभतं. आतल्या ग्राफिक्सवर चित्राची सेटिंग कमी ठेवून हे गेम व्यवस्थित खेळता येतात.

*तिसरा गट :* गेल्या तीन-चार वर्षांत आलेले मोठे गेम. इथे वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतंच.

यादीनंतर ठरवायचा मॉनिटर. कसा, ते गणिताने बघू. फुल एचडी मॉनिटरवर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात.

१९२० × १०८० = २०,७३,६०० ठिपके.

६० हर्ट्झच्या मॉनिटरवर हे चित्र सेकंदाला ६० वेळा बदलतं. म्हणजे कार्डाने पूर्ण वेग दिला तर सेकंदाला १२ कोटी ४४ लाख १६ हजार ठिपके रंगवायचे! आता फोर-के मॉनिटर घेतला (३८४० × २१६०), तर ठिपके होतात ८२,९४,४००, म्हणजे बरोबर चौपट. मॉनिटर आपण एकदा घेतो, पण तो कार्डाकडून रोज चौपट काम मागतो. कमी बजेटमध्ये फुल एचडीच घ्यावा. त्यात १०० हर्ट्झ किंवा जास्तीचा परवडत असेल तर उत्तम.

४) भाग एकमेकांना जुळतात का?

प्रत्येक भाग चांगला असूनही तो शेजारच्या भागात बसला नाही, तर उपयोग शून्य. या पाच जागा तपासा.

सॉकेट : प्रोसेसर आणि मदरबोर्डचं सॉकेट एकच पाहिजे. रायझन ५ ५६०० ला एएम४ बोर्ड लागतो. नव्या रायझनना (७०००, ८०००, ९००० मालिका) एएम५. इंटेलच्या बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीला एलजीए १७००. मदरबोर्ड जुन्या स्टॉकमधला असेल, तर त्याचं बायोस त्या प्रोसेसरला चालतं का, तेही विचारा.

रॅमचा प्रकार : डीडीआर४ ची पट्टी डीडीआर५ च्या खाचेत बसतच नाही. एएम४ ला डीडीआर४, एएम५ ला डीडीआर५. एलजीए १७०० मध्ये दोन्ही प्रकारचे बोर्ड मिळतात, म्हणून बोर्डाचं नाव नीट वाचा.

नावातलं शेवटचं अक्षर : हे छोटं अक्षर फार महत्त्वाचं आहे. इंटेलच्या नावाशेवटी "एफ" असेल, तर त्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतं. वेगळं कार्ड लावल्याशिवाय स्क्रीनवर काहीच दिसणार नाही. एएमडीच्या एएम४ मध्ये "जी" असेल तर आत ग्राफिक्स असतं. ५६००जी मध्ये आहे, ५६०० मध्ये नाही. कार्ड पुढच्या वर्षी घेऊ असा विचार असेल, तर "एफ" घेऊन चालणारच नाही.

रॅमच्या पट्ट्या : १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन घ्याव्यात. दोन पट्ट्या असल्या की माहिती दोन रस्त्यांनी ये-जा करते. वेगळं कार्ड नसताना तर हा फरक खेळताना डोळ्यांना दिसतो, कारण आतलं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं.

मापं : कार्डाची लांबी कॅबिनेटमध्ये मावते का? मदरबोर्डचा आकार कॅबिनेटला चालतो का? दोन्ही आकडे खोक्यावर किंवा कंपनीच्या वेबसाइटवर असतात. पट्टी घेऊन मोजायला मुलाला सांगा.

५) पन्नास हजारांची वाटणी

आता मुख्य मुद्दा. खाली दिलेले आकडे बाजारभाव नाहीत, पैसे कसे वाटायचे याचा नमुना आहे. भाव सतत बदलतात. २०२५ च्या अखेरीपासून रॅम आणि एसएसडीचे भाव बरेच चढले, त्यामुळे मागच्या वर्षीचा व्हिडिओ बघून हिशोब करू नका. घेण्याच्या आठवड्यातले भाव काढा.

आधी पेटीबाहेरच्या वस्तूंचे पैसे बाजूला ठेवा. पालक नेमके हेच विसरतात आणि मग शेवटी मॉनिटरसाठी उसने मागावे लागतात.

- मॉनिटर : ८,०००
- कीबोर्ड, माउस, हेडफोन : २,०००
- यूपीएस : ३,०००
- एकूण : १३,०००

राहिले ३७,०००. त्यात पेटी भरायची.

- आतच ग्राफिक्स असलेला प्रोसेसर : ११,०००
- मदरबोर्ड : ६,५००
- रॅम १६ जीबी (८ + ८) : ७,०००
- एसएसडी ५०० जीबी : ४,५००
- एसएमपीएस : ४,५००
- कॅबिनेट : २,५००
- जोडणी आणि किरकोळ : १,०००
- एकूण : ३७,०००

विंडोजचं लायसन्स यात धरलेलं नाही, तो खर्च वेगळा. "आम्ही फुकट टाकून देतो" असं कोणी म्हणालं, तर ती चोरीची प्रत असते हे मुलालाही माहीत असू द्या.

बघा, या यादीत वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही! मुलगा नाराज होईल. पण एसएमपीएस पुढच्या कार्डाला पुरेल असा घेतला आहे आणि मदरबोर्डवर कार्डाची जागा रिकामी आहे. वर्षभराने पैसे जमले की कार्ड आणायचं आणि बसवायचं, बाकी काही बदलायचं नाही.

बजेट ७५,००० असेल तर? वरचे २५,००० सगळ्या भागांवर सारखे वाटायचे का? नाही. ते जवळजवळ सगळे ग्राफिक्स कार्डात घाला आणि प्रोसेसर "जी" ऐवजी साधा घ्या. आठ जीबी मेमरीचं, फुल एचडीला पुरेल असं कार्ड घ्यावं. उदाहरणार्थ आरएक्स ६६०० हे २०२१ सालचं कार्ड आहे, आठ जीबीचं. त्याच भावात त्याहून नवं काही मिळत असेल, तर तुलना करून नवं घ्या.

आता याच पन्नास हजारांचं दुसरं कोटेशन कसं असतं ते सांगते. नावाला आय७ (जुना), रंगीत दिव्यांचे चार पंखे असलेलं काचेचं कॅबिनेट, ८ जीबीची एकच पट्टी, जीटी ७३० कार्ड आणि कॅबिनेटबरोबर "फ्री" आलेला एसएमपीएस. दिसायला दुसरं मशीन जास्त सुंदर! पण रंगीत दिव्यांनी गेम एका फ्रेमनेही वाढत नाही.

आणि हो, कोटेशनवर "जीएसटी वेगळा" असं बारीक अक्षरात आहे का, ते बघा. कॉम्प्युटरच्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे. ४०,००० वर तो होतो ७,२००, म्हणजे एका मॉनिटरच्या जवळपास रक्कम.

६) एसएमपीएसवर पैसे वाचवू नका

हा भाग बाहेरून दिसत नाही, गेमचा वेग वाढवत नाही, म्हणून सगळे इथेच काटकसर करतात. पण घरातली वीज आधी याच्यातून जाते. हलका एसएमपीएस बिघडला तर एकटा बिघडेलच असं नाही, मदरबोर्ड आणि कार्डालाही घेऊन जाऊ शकतो.

किती वॅटचा घ्यायचा? बेरीज करू.

- प्रोसेसर (५६०० सारखा), पूर्ण भारावर : सुमारे ८८ वॅट
- ग्राफिक्स कार्ड (आरएक्स ६६०० सारखं) : सुमारे १३२ वॅट
- बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे : अंदाजे ५० वॅट
- एकूण : २७० वॅट

मग ३०० चा पुरेल का? नाही. कार्ड क्षणभर जास्त वीज ओढतं, आणि सतत पूर्ण क्षमतेवर चालणारी वस्तू लवकर थकते. म्हणून नावाजलेल्या कंपनीचा ४५० ते ५५० वॅटचा घ्यावा. त्यावर "८० प्लस" ची खूण असावी. या खुणेचा अर्थ, भिंतीतून घेतलेल्या विजेतली किमान ८० टक्के वीज कामाला येते, उरलेली उष्णता होऊन जाते. नाव नसलेल्या डब्यावर "५०० वॅट" छापलेलं असलं, तरी तो तेवढी वीज देईलच असं नाही.

विजेच्या बिलाचाही हिशोब मांडा. मॉनिटर धरून ३०० वॅट, रोज ३ तास, महिन्याचे ३० दिवस :

३०० × ३ × ३० = २७,००० वॅट-तास = २७ युनिट.

महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटच्या वर दर वाढतो. घराचा वापर ९० युनिट असेल, तर हे २७ युनिट धरून आपण वरच्या टप्प्यात जातो. हे मुलाला बिल दाखवून समजावता येईल. खेळाच्या वेळेवर रोज वाद घालण्यापेक्षा हा कागद जास्त बोलतो.

७) आपल्याकडचा पाऊस, वीज आणि पूर

यूट्यूबवर सल्ला देणारे दिल्ली-बंगळूरचे असतात. त्यांना सावित्री-गांधारीचं पाणी माहीत नाही! निकाल जूनच्या आसपास लागतो, म्हणजे खरेदी नेमकी पावसाच्या तोंडावर होते. म्हणून आपल्यासाठी हे वेगळे मुद्दे.

वीज ये-जा : पावसाळ्यात दिवसातून अनेकदा लाइट जाते. यूपीएस घेताना व्हीए आणि वॅट हे दोन आकडे वेगळे असतात, हे लक्षात ठेवा. ६०० व्हीएच्या छोट्या यूपीएसवर वॅट साधारण ३६० च्या आसपास असतात. तो खेळत राहण्यासाठी नसतो. गेम सेव्ह करून मशीन नीट बंद करायला चार-पाच मिनिटं मिळावीत, एवढंच त्याचं काम. घरात इन्व्हर्टर असेल, तर बऱ्याच इन्व्हर्टरवर "यूपीएस" आणि "नॉर्मल" किंवा "इको" असा स्विच असतो. कॉम्प्युटर जोडला असेल तर तो "यूपीएस" वर ठेवावा, म्हणजे लाइट गेली तरी मशीन बंद न पडता चालू राहण्याची शक्यता जास्त.

अर्थिंग : कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येत असतील, तर मशीन वापरणं थांबवा आणि वायरमनला बोलवून अर्थिंग तपासून घ्या. तीन पिनांच्या प्लगची एक पिन काढून टाकणं हा उपाय नाही, ते जिवावर बेतू शकतं. गडगडाट सुरू झाला की प्लग आणि इंटरनेटची वायर दोन्ही काढा.

दमट हवा : जुलै-ऑगस्टमध्ये भिंतींना ओल येते. मशीन ओल्या भिंतीपासून लांब ठेवा आणि आठवड्यातून दोन-तीनदा तरी चालू करा. आतल्या उबेने ओलावा कमी होतो. कॅबिनेट समोरून जाळीचं घ्या, बंद काचेचं नको. मागच्या रिकाम्या खाचांना पत्र्याच्या पट्ट्या लावलेल्या आहेत ना, ते बघा. नाहीतर पाली आणि झुरळं आत घर करतात.

पूर : जुलै २०२१ चा पूर महाडकर विसरणार नाहीत. बाजारपेठेतल्या कितीतरी घरांत आणि दुकानांत जमिनीवरची एकही वस्तू वाचली नाही. नदीलगतच्या भागात राहत असाल, तर कॅबिनेट जमिनीवर ठेवूच नका. शक्य असेल तर वरच्या मजल्यावर ठेवा. पाणी वाढण्याचा इशारा आला की मागच्या वायरी काढून पेटी वर कशी न्यायची, हे मुलाला एकदा करून दाखवा. अर्थात आधी माणसं, मग वस्तू. आणि पाण्यात भिजलेलं मशीन "चालतंय का बघू" म्हणून कधीही चालू करू नका.

८) कुठून घ्यायचं? जुनं चालेल का?

तीन मार्ग आहेत.

*गावातलं दुकान :* भाव थोडा जास्त असू शकतो, पण बिघाड झाला तर माणूस समोर असतो. भागांची यादी आपण द्यायची आणि जोडणीचे पैसे आनंदाने द्यायचे.

*मुंबई-पुण्याची बाजारपेठ :* मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड (डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) यासाठी प्रसिद्ध आहे. पुण्यात तपकीर गल्ली आहे. निवड भरपूर आणि भावही बरे. पण एखादा भाग वॉरंटीत बदलायचा झाला, तर परत तेवढा प्रवास. गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांकडून भाग मागवत असाल, तर मूळ बिल आणि खोकी बरोबर आणायला सांगा. नुसता भाग पिशवीत घालून आणला, तर वॉरंटीला अडचण येते.

*ऑनलाइन :* पार्सल उघडताना सुरुवातीपासून सलग व्हिडिओ काढा. चुकीची किंवा तुटलेली वस्तू निघाली तर पुरावा राहतो.

जुन्या मालाचं काय? जुनं म्हणजे वाईटच असं नाही. कंपन्यांच्या ऑफिसमधून निघालेले आठव्या पिढीचे किंवा त्यापुढचे आय५ डेस्कटॉप तपासून विकले जातात. त्यात वेगळी वायर न लागणारं कमी वॅटचं कार्ड (जीटीएक्स १६५० चे काही प्रकार किंवा आरटीएक्स ३०५० चं ६ जीबी रूप) लावलं, की कमी पैशांत बरं मशीन होतं. मात्र या डेस्कटॉपची पेटी बऱ्याचदा अरुंद असते, त्यात बुटकं कार्डच बसतं. त्यांचा एसएमपीएसही खास मापाचा असतो, तो सहज बदलता येत नाही. आधी पेटी मोजा, मग कार्ड बघा.

जुनं ग्राफिक्स कार्ड घेताना जास्त सांभाळा. सप्टेंबर २०२२ पर्यंत अशी हजारो कार्डं इथेरियम हे आभासी चलन मिळवण्यासाठी दिवसरात्र चालवली गेली, आणि ते बंद पडल्यावर बाजारात आली. काही कार्डांत तर सॉफ्टवेअर बदलून जुन्या कार्डाला नव्याचं नाव दिलेलं असतं. समोर बसवून, अर्धा तास गेम चालवून, पंख्याचा आवाज ऐकून मगच पैसे द्या. "घरी जाऊन लावून बघा" म्हणणाऱ्याकडून घेऊ नका.

९) पैसे देण्याआधी हे सात प्रश्न विचारा

१. प्रत्येक भागाचं पूर्ण नाव आणि मॉडेल नंबर लिहून देता का?
२. प्रोसेसर सीलबंद खोक्यातला आहे की सुटा? (सुट्यावर बऱ्याचदा कंपनीची नाही, विक्रेत्याची वॉरंटी असते.)
३. रॅम एक पट्टी की दोन? पुढे वाढवायला खाच रिकामी आहे का?
४. एसएमपीएस कोणत्या कंपनीचा? कॅबिनेटबरोबर आलेला तर नाही ना?
५. पुढे कार्ड लावलं, तर यातला कोणता भाग बदलावा लागेल?
६. प्रत्येक भागाची वॉरंटी किती, आणि ती कंपनीची की दुकानाची?
७. किमतीत जीएसटी धरला आहे का? पक्कं बिल सीरियल नंबरसह मिळेल का?

पाचव्या प्रश्नाला "काहीच नाही" हे उत्तर मिळालं, तर कोटेशन चांगलं आहे असं समजा. बिलाचा फोटो काढून मोबाईलमध्ये आणि ईमेलवर ठेवा. कागद पुरात, पावसात जातो. तक्रारीची वेळ आलीच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

१०) शिक्षकांसाठी : यातून छान उपक्रम होतो

वरच्या वर्गांना एक तक्ता करायला द्या. रकाने असे : भागाचं पूर्ण नाव, कोणत्या साली आला, कशाशी जुळतो, किती वॅट, वॉरंटी, तीन ठिकाणचे भाव. प्रत्येक गटाला काल्पनिक ५०,००० रुपये द्या. ज्या गटाचे सगळे भाग जुळतात आणि पैसे पुरतात, तो गट जिंकला.

यात शेकडेवारी येते, सरासरी येते, गुणाकार येतो, विजेचं युनिट येतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जाहिरात वाचायची सवय लागते. "भारी" या शब्दावर न थांबता "किती? कोणत्या सालचं? कशाच्या तुलनेत?" असं विचारणारं मूल पुढे मोबाईल घेताना, गाडी घेताना, कर्ज काढतानाही तेच विचारेल.

पालकांनाही माझी एवढीच विनंती आहे. यादी मुलाकडूनच करून घ्या. प्रत्येक भाग का निवडला, हे त्याला तुम्हाला समजेल अशा मराठीत सांगता आलं पाहिजे, ही अट घाला. सांगता आलं नाही, तर अजून आठवडाभर अभ्यास कर म्हणा. जो भाग त्याने स्वतः समजून निवडला आहे, तो तो जपूनही वापरेल.

थोडक्यात लक्षात ठेवा

- आधी गेमची यादी, मग मॉनिटर, मग बाकीचे भाग.
- आय३, आय७ या नावावर जाऊ नका, पुढचा नंबर वाचा.
- पेटीबाहेरचे पैसे आधी बाजूला काढा.
- एसएमपीएस चांगला घ्या, दिवे नंतर.
- आज कमी घ्या, पण उद्या वाढवता येईल असं घ्या.
- जमिनीवर ठेवू नका, बिल सांभाळा.

हा लेख तुमच्या शाळेच्या पालक ग्रुपवर जरूर पाठवा. तुमच्याकडे एखादं कोटेशन आलं असेल, तर वरचे सात प्रश्न घेऊन मुलासोबत बसा आणि एकेक ओळ तपासा. तास-दीड तास जाईल, पण पन्नास हजार जागेवर लागतील.